आरंभापासून पुन्हा : 'डॉक्टर हू' आणि पुनर्दर्शनाची संहिता

आवडती मालिका पहिल्या भागापासून पुन्हा पाहणे ही आज इतकी स्वाभाविक कृती झाली आहे की तिच्यामागे काही गृहीतके दडलेली आहेत याचे भान सहसा राहत नाही. मालिकेला एक निश्चित आरंभ असतो. त्या आरंभापासून पुढचे सर्व भाग ठरलेल्या क्रमाने उपलब्ध असतात. आणि पुन्हा पाहणारा प्रेक्षक पूर्वी जे पाहिले गेले तेच पाहत असतो, ही ती गृहीतके होत. कादंबरीच्या पुनर्वाचनाच्या अनुभवावरून ती उचललेली आहेत, आणि मुद्रित कादंबरीपुरती ती बऱ्याच अंशी खरीही ठरतात. दूरचित्रवाणी मालिकेच्या बाबतीत, विशेषतः १९६०च्या दशकात निर्माण झालेल्या मालिकेच्या बाबतीत, त्यांपैकी एकही जसेच्या तसे टिकत नाही. ब्रिटनमधील बीबीसीची 'डॉक्टर हू' ही विज्ञानकथा-मालिका या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. १९६३ ते १९८९ अशी सलग सव्वीस वर्षे चाललेली, १९९६ मध्ये एका दूरचित्रपटापुरती डोकावून गेलेली आणि २००५ मध्ये पुन्हा सुरू झालेली ही मालिका 'आरंभापासून' पाहण्याची इच्छा बाळगणारे प्रेक्षक पिढ्यानपिढ्या होत आले आहेत. परंतु ज्या आरंभाकडे ते परततात तो सापडलेला नसून घडवलेला आहे, आणि तो घडवण्याचे काम अजून संपलेले नाही.

पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास प्रक्षेपित झाला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. सुमारे ४४ लाख प्रेक्षकांनी तो भाग पाहिला. पुढच्या शनिवारी, ३० नोव्हेंबरला, दुसऱ्या भागाच्या आधी तो पुन्हा दाखवण्यात आला. म्हणजे या मालिकेचे पहिले पुनर्दर्शन अवघ्या सात दिवसांत घडले, आणि कित्येक प्रेक्षकांच्या लेखी तेच प्रथमदर्शन होते. एवढेच नव्हे, तर प्रक्षेपित झालेला पहिला भाग हाच मुळात दुसरा प्रयत्न होता. २७ सप्टेंबरला लंडनच्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओत चित्रित केलेला भाग नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांनी नाकारला. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट आणि दिग्दर्शक वारिस हुसैन यांना तो १८ ऑक्टोबरला पुन्हा चित्रित करावा लागला. वारिस हुसैन यांचा जन्म १९३८ सालचा, लखनौचा. 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' या इंग्रजी कादंबरीच्या लेखिका अतिया हुसैन या त्यांच्या आई. इंग्रजी बालप्रेक्षकांच्या पुढील अनेक पिढ्यांचे बालपण व्यापणाऱ्या मालिकेचा आरंभ फाळणीच्या सुमारास भारत सोडून गेलेल्या कुटुंबातल्या चोवीस वर्षांच्या तरुणाने दिग्दर्शित करावा, ही गोष्ट तिच्या इतिहासकारांनी दीर्घकाळ केवळ तपशील म्हणून नोंदवली. मालिका कालप्रवासाची आहे आणि तिच्या पहिल्याच प्रकरणात स्वतःच्या संस्कृतीपासून तुटलेले दोन निर्वासित आहेत, हे ध्यानात घेता तो केवळ तपशील राहत नाही.

नाकारलेला भाग आणि प्रक्षेपित भाग यांत पाठभेद आहेत. पहिल्यात डॉक्टर आधुनिक सूट आणि टायमध्ये वावरतो. दुसऱ्यात त्याचा पोशाख विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या वृद्ध गृहस्थाचा आहे. पहिल्यात त्याची नात सूझन आपला जन्म एकोणपन्नासाव्या शतकातला असल्याचे सांगते. दुसऱ्यात शतकाचा उल्लेख गाळून केवळ वेगळा काळ आणि वेगळे जग यांचा निर्देश उरतो. हा बदल किरकोळ वाटला तरी त्याचे परिणाम दूरगामी आहेत. एकोणपन्नासावे शतक कायम राहते तर डॉक्टर हा भविष्यकाळातला मानव ठरला असता. शतक गाळल्यामुळे एक रिकामी जागा तयार झाली, आणि मालिकेचे पुढचे सगळे आयुष्य ती जागा भरण्यात गेले. नाकारलेला भाग १९९१ मध्ये दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आला आणि आता तो संग्राहकांच्या तबकड्यांवर पहिल्या भागाच्या शेजारी असतो. आरंभापूर्वीचा आरंभ असा प्रेक्षकाच्या हाती आला तो अठ्ठावीस वर्षांनी.

मूळ प्रेक्षकाला काय ठाऊक नव्हते याचा हिशोब मांडला की पुनर्दर्शनाचे स्वरूप स्पष्ट होते. डॉक्टर 'टाइम लॉर्ड' या वंशाचा आहे हे १९६९ पर्यंत कोणालाच, अगदी लेखकांनाही, माहीत नव्हते. त्याला दोन हृदये आहेत हे १९७० मध्ये ठरले. त्याच्या ग्रहाचे गॅलिफ्रे हे नाव प्रथम १९७३ मध्ये उच्चारले गेले. पहिल्या भागातील प्रेक्षकासमोर होता तो भंगाराच्या आवारात पोलिसांच्या निळ्या दूरध्वनी-पेटीपाशी लपलेला, संशयी, तुसडा म्हातारा. आपल्या विद्यार्थिनीच्या काळजीने तिच्या मागोमाग आलेल्या इयन आणि बार्बरा या दोन शिक्षकांना तो त्यांच्या मर्जीविरुद्ध घेऊन जातो. कथेची दृष्टी त्या शिक्षकांची आहे. नायक कोण, हेही अजून ठरायचे आहे.

तिसऱ्या भागातला प्रसंग या संदर्भात कळीचा मानावा लागतो. आदिमानवांच्या टोळीपासून पळताना एक जखमी शत्रू वाटेत पडलेला असतो. शिक्षक त्याची शुश्रूषा करू पाहतात. डॉक्टर एक दगड उचलतो. इयन त्याचा हात धरतो, तेव्हा त्या जखमीकडून जमिनीवर वाट रेखाटून घ्यायची होती, असे काहीतरी कारण तो पुढे करतो. १९६३च्या प्रेक्षकाला या प्रसंगात चकित होण्यासारखे फारसे नव्हते; हा म्हातारा खून करू शकेल असेच आधीच्या दोन भागांनी सुचवले होते. पुनर्दर्शन करणाऱ्याला मात्र पुढची साठ वर्षे ठाऊक आहेत. शस्त्र न धरणारा, दुर्बलांचा कैवारी असा डॉक्टर त्याच्या मनात स्थिर झालेला असतो. त्याच्या दृष्टीने तो दगड हा एक अपवाद, एक कोडे किंवा एका नैतिक प्रवासाची पहिली पायरी होतो. इयन आणि बार्बरा यांच्या सहवासाने डॉक्टर माणसाळला, हे आज रूढ झालेले विवेचन या पश्चाद्दृष्टीतूनच आले आहे. ते चूक आहे असे नव्हे, आणि त्याने त्या चार भागांना एक अनपेक्षित खोली दिली हेही मान्य केले पाहिजे. परंतु ते १९६३च्या संहितेचे वर्णन म्हणून मांडले जाते तेव्हा मात्र घोटाळा होतो. पात्राच्या विकासाची योजना तेथे नव्हती. आठवड्यागणिक लिहिणारे लेखक होते, विल्यम हार्टनेल या नटाचा स्वभाव आणि त्याची आवडनिवड होती, बालप्रेक्षकांचा प्रतिसाद होता.

रोलाँ बार्थ यांनी 'एस/झेड'मध्ये (१९७०) पहिले वाचन हेच आद्य आणि निर्व्याज वाचन होय, हा दावा नाकारला आहे. पुनर्वाचनाने संहिता पुनरुक्त न होता बहुविध होते, अशी त्यांची भूमिका. बाल्झाकची कथा मात्र दोन्ही वाचनांत शब्दशः तीच राहते, आणि बार्थ यांचा युक्तिवाद त्या स्थैर्यावर उभा आहे. 'डॉक्टर हू'च्या बाबतीत बहुविधता वाचनाच्या आधीच, सामग्रीच्या पातळीवर सुरू होते.

याचे कारण त्या काळच्या दूरचित्रवाणीच्या स्वरूपात आहे. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ मध्ये दूरचित्रवाणीच्या अनुभवाला 'प्रवाह' ही संज्ञा दिली. प्रेक्षक एखादी स्वतंत्र कृती पाहत नसतो. तो एका सायंकाळच्या सलग ओघात उतरतो. 'डॉक्टर हू'चा पंचवीस मिनिटांचा भाग हा खेळांचा 'ग्रँडस्टँड' हा दीर्घ कार्यक्रम आणि 'ज्यूक बॉक्स ज्युरी' हा संगीताचा कार्यक्रम यांच्यामधला सांधा म्हणून योजला होता. त्या ओघात तो यायचा आणि जायचा होता. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. चित्रफीत महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. रंगीत प्रक्षेपण आल्यावर कृष्णधवल भागांना विक्रीमूल्य उरले नाही. या तीन साध्या कारणांनी भाग पुसले गेले. १९७८च्या सुमारास हा नाश थांबला तोवर साठच्या दशकातल्या २५३ भागांपैकी मोठा हिस्सा नाहीसा झालेला होता. अनेक भाग नंतर परत मिळाले, तरी नव्वदहून अधिक अजूनही हरवलेले आहेत. यात कोणी खलनायक शोधणे सोपे आहे. त्या काळाच्या नोकरशाहीला दोष देणारे लेखन विपुल आहे. पण ज्या वस्तूला कोणी 'संहिता' मानत नव्हते ती जपली का नाही, असा सवाल इतिहासात फारसा टिकत नाही. जपणुकीच्या आधी मूल्यनिर्धारण यावे लागते, आणि लोकप्रिय दूरचित्रवाणीचे मूल्यनिर्धारण करण्यास समीक्षाही तेव्हा सिद्ध नव्हती.

परिणामी आरंभापासून पाहत निघालेला प्रेक्षक चौदाव्या भागाशी थांबतो. पहिली तीन कथानके मिळून तेरा भाग होतात. चौथे कथानक, फेब्रुवारी १९६४ मध्ये सुरू झालेले 'मार्को पोलो', सातही भागांसह गेलेले आहे. त्याचेही बरेचसे दिग्दर्शन वारिस हुसैन यांचेच होते. उरला आहे तो आवाज, कारण काही प्रेक्षकांनी घरातल्या ध्वनिमुद्रकावर तो टिपून ठेवला होता. या हौशी मुद्रणांमुळे आजही हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी उपलब्ध आहे. उरली आहेत ती छायाचित्रे, कारण जॉन क्यूरा नावाचा छायाचित्रकार दूरचित्रवाणीच्या पडद्याचे फोटो काढून ते निर्मात्यांना विकत असे. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत धाडीत गेली आणि ज्यांनी ते ऐकले-वाचले होते त्यांच्या स्मरणातून त्याचे वेगवेगळे पाठ उभे राहिले, असे महानुभाव परंपरा सांगते. मराठी वाचकाला त्याची आठवण होणे साहजिक आहे. दोन्हींची प्रतिष्ठा सारखी नाही, पण पाठाच्या अभ्यासकापुढचा पेच सारखा आहे. ग्रहणकर्ताच येथे जतनकर्ता झालेला असतो, आणि त्याने काय टिपले यावर कृतीचे पुढील आयुष्य ठरते.

जे भाग उरले त्यांच्याविषयीही सावध राहावे लागते. साठच्या दशकातल्या एकाही भागाची मूळ चित्रफीत शिल्लक नाही. परदेशी विक्रीसाठी चित्रफितीवरून काढलेल्या चित्रपट-प्रतींच्या रूपाने ते बव्हंशी टिकले. अशा प्रतीत हालचालीची मूळ प्रवाहिता नाहीशी होते. नव्या शतकात संगणकाच्या साहाय्याने ती कृत्रिमरीत्या परत आणली गेली. म्हणजे आज जे प्रतिबिंब 'मूळ' म्हणून दिसते ते मूळच्या अनुकरणाचे अनुकरण आहे. शिवाय या प्रती सापडतात त्या हाँगकाँगमध्ये, नायजेरियात, ऑस्ट्रेलियात. साम्राज्य आवरते घेतलेल्या देशाच्या करमणुकीचे वितरण जुन्या साम्राज्याच्या वाटांनीच होत होते आणि केंद्राने जे पुसले ते परिघावरच्या कपाटांत राहिले. या मालिकेच्या पाठपरंपरेचा नकाशा काढला तर तो राष्ट्रकुलाच्या नकाशाशी बऱ्याच अंशी जुळेल.

हरवलेले भाग परत येतात तेव्हा समीक्षेची परीक्षा होते. 'द टूम ऑफ द सायबरमेन' हे १९६७चे चार भागांचे कथानक दीर्घकाळ केवळ स्मृतीत होते आणि स्मृतीने त्याला या मालिकेच्या सर्वोत्कृष्ट कृतींत बसवले होते. त्याच्या प्रती हाँगकाँगहून आल्या आणि १९९२ मध्ये ते बाजारात आले. थडग्यांचे पातळ आवरण फाडून बाहेर पडणारे सायबरमेन जसे आठवत होते तसेच प्रभावी निघाले. पण आठवणीत फारसे नसलेले काहीतरी त्यांच्या बरोबरीने परतले: टोबरमन हा कृष्णवर्णीय, धिप्पाड, जवळजवळ मुका सेवक, आणि परकीय उच्चारांनी बोलणारे कटवाले. ज्यांनी ते लहानपणी पाहिले होते त्यांच्या स्मृतीने भीती जपली, वंशविषयक संकेत गाळले. स्मृती ही निर्मितीइतकीच निवड करते आणि ती निवड निष्पाप नसते. पुनर्दर्शनाची बाजू घ्यायची तर ती येथे घ्यावी. नॉस्टॅल्जियाला खतपाणी घालणारी कृती म्हणून त्याची जी हेटाळणी होते तिला हे उदाहरण पुरेसे उत्तर आहे.

उलट दिशेचे उदाहरण 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' या १९६७-६८च्या कथानकाचे. सहापैकी केवळ तिसरा भाग उरला होता. तो बराचसा खोल्यांत, गलियाऱ्यांत आणि एका स्वयंपाकघरात घडतो. त्यावरून सगळे कथानक संथ आणि बोजड आहे असा अभिप्राय वर्षानुवर्षे पुस्तकांतून फिरत राहिला. २०१३ मध्ये नायजेरियातून मिळालेल्या नऊ भागांत उरलेले पाचही होते. समुद्रकिनाऱ्यावरचा पाठलाग, हेलिकॉप्टर, डॉक्टर आणि हुकूमशहा सालामांदर अशा दुहेरी भूमिकेतला पॅट्रिक ट्राउटन, हे सारे समोर आल्यावर अभिप्राय उलटला. एका अवशेषावरून समग्र कृतीविषयी मत देण्याची सवय प्राचीन वाङ्मयाच्या अभ्यासात परिचित आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या, लाखोंनी पाहिलेल्या कृतीच्या बाबतीतही ती लागू पडावी, हे मात्र विलक्षण म्हटले पाहिजे.

याहून तीव्र उदाहरण 'द टेन्थ प्लॅनेट'चे आहे. हार्टनेल निवृत्त झाला तेव्हा मालिका संपवण्याऐवजी डॉक्टरचे रूप पालटले आणि त्याच्या जागी ट्राउटन आला. मालिकेला जिवंत ठेवणारी ही युक्ती २९ ऑक्टोबर १९६६ रोजी, त्या कथानकाच्या चौथ्या भागात, प्रथम वापरली गेली. तिला 'पुनर्जनन' या अर्थाचे नाव मिळाले ते १९७४ मध्ये. तो चौथा भाग हरवलेला आहे. रूपांतराची काही क्षणांची दृश्ये उरली, कारण 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमाने १९७३ मध्ये ती वापरली होती. ज्या प्रसंगावर पुढची सारी परंपरा उभी आहे तो प्रसंग असा दुसऱ्याच कृतीत अवतरण म्हणून टिकला. लुप्त ग्रंथ टीकाकारांच्या उताऱ्यांतून टिकावेत, तसे हे झाले.

पुनर्दर्शनाची साधने बदलत गेली तसतसा आरंभही बदलत गेला. व्हिडिओ कॅसेट येण्यापूर्वी मालिका पुन्हा अनुभवण्याचे मुख्य साधन पुस्तक हे होते. मालिकेचे पहिले संहिता-संपादक डेव्हिड व्हिटेकर यांनी १९६४ मध्ये डालेक या यंत्रप्राण्यांच्या कथानकाचे, म्हणजे दुसऱ्या कथानकाचे, कादंबरीरूप लिहिले. पुस्तक स्वतंत्रपणे वाचले जाणार असल्याने त्यांना नवा आरंभ रचावा लागला: धुके पसरलेले बार्न्स कॉमन, रस्त्यावरचा अपघात आणि इयन-बार्बराची तेथेच होणारी पहिली भेट. भंगाराचे आवार नाही, शाळा नाही. सत्तरच्या दशकात हे पुस्तक पुन्हा निघाले आणि ज्यांनी १९६३चा भाग पाहिलेला नव्हता अशा पिढीचा मालिकेतला प्रवेश या धुक्यातूनच झाला. १९८१ मध्ये बीबीसीने पहिले कथानक पुन्हा दाखवले तेव्हा या वाचकांना मूळ आरंभ हा पाठभेद वाटला असल्यास नवल नाही. १९९० मध्ये तो कॅसेटवर आला. तोवर त्याच्या शीर्षकाचाही वाद उभा राहिला होता. त्या काळी पडद्यावर प्रत्येक भागाचे वेगळे शीर्षक असे, कथानकाचे नसे. त्यामुळे पहिल्या चार भागांना 'अॅन अनअर्थली चाइल्ड' म्हणावे, '१००,००० बीसी' म्हणावे की 'द ट्राइब ऑफ गम', यावर एकमत होणे अवघड होते. कपाटात ठेवण्यासाठी वेष्टनावर नाव लागते. तेव्हा बाजाराच्या गरजेने प्रश्नाचा निकाल लागला.

एडवर्ड सईद यांनी 'बिगिनिंग्ज'मध्ये (१९७५) उगम आणि आरंभ यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. उगम हा पवित्र, एकमेव, न तपासता येणारा. आरंभ हा मानवी, हेतुपूर्वक केलेला आणि पुन्हा पुन्हा करावा लागणारा. महाभारताने हा भेद सहजपणे पचवला आहे: आपला प्रारंभ कोणी मनूपासून, कोणी आस्तीकाच्या कथेपासून, तर कोणी उपरिचर राजापासून मानतात, हे त्याच्या आदिपर्वातच नमूद आहे. 'डॉक्टर हू'च्या निर्मात्यांनी २००५ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये पर्वांची गणना एकपासून सुरू केली तेव्हा रसिकांत जी नाराजी उमटली ती आरंभाला उगम समजण्यातून आलेली होती. १ मार्च २०२० रोजी प्रक्षेपित झालेल्या 'द टाइमलेस चिल्ड्रन' या भागाने तर हार्टनेलचा डॉक्टर हा पहिला डॉक्टर नव्हेच, त्याच्या आधी विस्मृतीत गेलेली अनेक रूपे होऊन गेली, असे कथेतच प्रस्थापित केले. या कल्पनेला लेखनाच्या दृष्टीने फारसे बळ नाही. कथेला तिचे ओझेच अधिक झाले. पण ज्या मालिकेचा भूतकाळ प्रत्यक्षात पुसला गेला होता तिने नायकाचाही भूतकाळ पुसला गेल्याचे सांगावे, यात तिच्या स्वतःच्या इतिहासाची जाण, कळत नकळत, उमटलेली दिसते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये, साठ वर्षे पूर्ण होताना, बीबीसीने आय-प्लेअर या आपल्या आंतरजालीय सेवेवर आठशेहून अधिक भाग एकत्र उपलब्ध केले. आरंभापासून पाहण्याची सोय इतक्या व्यापक प्रमाणात प्रथमच झाली होती. त्या संग्रहात पहिले चार भाग नव्हते. त्यांचे लेखक अँथनी कोबर्न यांच्या वारसाशी हक्कांबाबत तडजोड होऊ शकली नव्हती. भाग तबकडीवर होते, अभिलेखागारात होते, यादीत नव्हते. त्यामुळे त्या यादीची पहिली ओळ होती ती डालेकांच्या कथानकाची, आणि ते सुरू होते तेव्हा दोन्ही शिक्षक डॉक्टरच्या यानात आधीच आलेले असतात. ते तेथे कसे आले, हे नव्या प्रेक्षकाला कोणी सांगत नाही. १९६४ मध्ये याच जागी उभे राहून व्हिटेकर यांनी बार्न्स कॉमनवरचे धुके रचले होते.